पोराचं करिअर आणि गाडीचं कॅरिअर

ज्या गाडीला कॅरिअर नाही, त्या गाडीत कॅरिअरचं काम घरातलं पोरगं करतं. हे मला हजेरीपटाने शिकवलं.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. दरवर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आठवी-नववीच्या वर्गातली ठरावीक मुलं गैरहजर राहू लागतात. ती आजारी नसतात आणि गावालाही गेलेली नसतात. त्यांचे अब्बा रंगकाम, वायरिंग, पीओपी, मांडव, दुकानांचे बोर्ड अशी कामं करतात. दिवाळीच्या तोंडावर गावभर घरं रंगवायला निघतात, दुकानांवर रोषणाई चढते. आमच्या मोहल्ल्यातल्या या कारागिरांची वर्षातली मोठी कमाई याच महिन्यात होते. आणि नेमकी याच दिवसांत शाळेची पहिल्या सत्राची परीक्षा असते.

मग ही मुलं काय करतात? शिडी धरतात. भिंतीला लावलेली नव्हे, ती मोठी माणसं धरतात. मुलं धरतात ती गाडीतली शिडी. छोटा हत्ती किंवा तशीच एखादी जुनी पिकअप असते. तिच्या सात फुटी हौद्यात बारा फुटी शिडी टाकलेली असते. एक टोक केबिनच्या मागे टेकलेलं, दुसरं फाळक्यावरून बाहेर हवेत. ती सरकू नये, खड्ड्यात उसळू नये म्हणून तिच्यावर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा बसवलेला असतो. एका हाताने त्याने शिडी धरलेली असते आणि दुसऱ्या हाताने रंगाचा डबा.

अशाच एका मुलाच्या वडिलांना मी विचारलं, "भाई, परीक्षेच्या दिवसांत तरी त्याला पाठवा." ते म्हणाले, "सर, पाठवतो. पर फिर सीडी कौन पकडेगा?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. शिक्षणाचं महत्त्व त्यांना मी सांगायची गरज नव्हती, ते त्यांना माहीत होतं. त्यांना शिडीचं उत्तर हवं होतं. आपण सगळे, म्हणजे शिक्षक, समाजसेवक, जलशांत भाषणं करणारे, अशा बापांना तालीमचं उत्तर देतो आणि शिडी त्यांच्यावरच सोडून देतो. म्हणून हा लेख शिडीबद्दल आहे.

मराठीत 'करिअर' आणि 'कॅरिअर' हे दोन शब्द एका मात्रेच्या फरकाने लिहिले जातात. उर्दूत तर दोन्ही एकसारखेच लिहितात, अर्थ संदर्भावरून ओळखायचा. पालकसभेत मी पहिल्या शब्दाबद्दल बोलत असतो तेव्हा समोर बसलेल्या निम्म्या बापांची अडचण दुसऱ्या शब्दाची असते. माझं म्हणणं एवढंच आहे की अनेक घरांत पहिला प्रश्न दुसऱ्यापाशी अडलेला आहे. आणि तो दुसरा प्रश्न सात-आठ हजार रुपयांत, एका दिवसाच्या कामात सुटण्यासारखा आहे.

आधी गाडीचं बोलू. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, २००५ साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी, २००६ साली, सच्चर समितीचा अहवाल आला. देशातल्या मुसलमानांमध्ये नोकरीपेक्षा स्वतःचा छोटा धंदा करून पोट भरणाऱ्यांचं प्रमाण इतरांहून जास्त आहे, असं त्या अहवालाने दाखवलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण आमच्या गल्लीत संध्याकाळी उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या की तो अहवालच रांगेत उभा असल्यासारखा वाटतो. त्यातल्या बहुतेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या, दहा-बारा वर्षांच्या. कर्ज फिटलेलं, रंग उडालेला, पण इंजिन चालू. अशी गाडी म्हणजे कारागिराचं दुकान, गोदाम आणि इज्जत, सगळं एकत्र.

आता हिशेब करू. मी गणिताचा शिक्षक नाही, पण हा हिशेब सातवीचा आहे. या गाडीचा हौदा साधारण सात फूट लांब. शिडी बारा फूट. म्हणजे शिडी हौद्यात आडवी टाकली तर पाच फूट मागे बाहेर राहते. पाच फूट म्हणजे मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीपर्यंतचं अंतर. तिला लाल फडकं बांधलं म्हणजे झालं, असं आपण समजतो. फडकं दिवसा दिसतं, संध्याकाळी दिसत नाही, आणि अचानक ब्रेक लागला तर दिसूनही उपयोग होत नाही.

पण गाडीची एकूण लांबी, पुढच्या टोकापासून फाळक्यापर्यंत, ३.८ मीटर म्हणजे जवळजवळ साडेबारा फूट आहे. म्हणजे तीच शिडी केबिनच्या वरून गेली तर ती गाडीच्या लांबीत पूर्ण मावते आणि वर अर्धा फूट शिल्लक राहतो. वीस फुटी सरकती ॲल्युमिनियमची शिडी बंद केली की अकरा फुटांच्या आसपास येते, तीही मावते. गाडी मोठी घ्यायची गरज नाही, शिडी छोटी करायची गरज नाही. फक्त शिडीला चार फूट वर उचलून धरणारं काहीतरी हवं. त्यालाच कॅरिअर म्हणतात.

काही जण म्हणतील, केबिनच्या टपावर शिडी टेकवून दोरी बांधली तर काय बिघडलं? टपाचा पत्रा माणसाच्या डोक्यावर ऊन-पाऊस येऊ नये म्हणून असतो, ओझं पेलायला नसतो. काही महिन्यांत त्याला पोचा पडतो, पोच्यात पाणी साचतं, पाण्याने गंज धरतो. आणि गोल टपावर शिडी वळणावर बाजूला घसरते, म्हणून पुन्हा मागे पोरगं बसवावं लागतं. प्रश्न जिथल्या तिथे.

जुन्या मोटारींना ही अडचण नव्हती. ॲम्बेसेडर, पद्मिनी, ओम्नी या गाड्यांच्या टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळ असायची. त्या पन्हळीला पकडी आवळून कॅरिअर बसायचं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या टपावरचं कॅरिअर आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सीची सद्दी संपली. ओम्नीवर शिडी नेणारे इलेक्ट्रिशियन आजही दिसतात. त्यांना एकच सांगणं: पन्हळीच्या आत, लांबी भरलेल्या जागी, गंज आधी धरतो आणि दिसतो उशिरा. पकड आवळण्याआधी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टोचून पाहा. टोक आत गेलं तर त्या पन्हळीवर एक किलोही टाकू नका.

पिकअपची गोष्ट वेगळी. तिची केबिन आणि हौदा हे दोन वेगळे भाग आहेत. दोन्ही एकाच चासीवर बसलेले, पण खड्ड्यातून जाताना केबिन एका बाजूला झुकते तेव्हा हौदा थोडा दुसरीकडे पिळला जातो. म्हणून कॅरिअरचे पुढचे पाय केबिनला आणि मागचे हौद्याला जोडले तर गाडीच ते तोडून टाकते. आधी जोडाला भेग जाते, मग टपाला. कॅरिअर दोन्ही बाजूंनी हौद्यावरच उभं राहिलं पाहिजे: एक कमान केबिनच्या पाठीमागे, दुसरी फाळक्याजवळ. केबिनच्या वर ते फक्त पुढे आलेलं असावं, टपाला न टेकता, मध्ये तीन-चार बोटांचं अंतर ठेवून.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका फॅब्रिकेटर उस्तादांशी मी यावर दोन-तीन वेळा बसून बोललो. दीड इंची चौकोनी पाइप, चार-सव्वाचार फुटांच्या दोन कमानी, त्यांना जोडणारे दोन लांब पाइप, कोपऱ्यांत तिरपे टेकू. सगळं मिळून तीस-चाळीस किलो लोखंड. त्यांनी साहित्य, मजुरी, रंग धरून सात-आठ हजारांचा आकडा सांगितला. दर गावागणिक बदलेल, पण आकडा याच्या आसपास राहील. त्यांच्याकडून आणि वाचनातून जे पक्कं कळलं ते इथे लिहितो, कारण ही माहिती आपल्या भाषेत सहसा कुणी लिहीत नाही.

कमानीचे पाय हौद्याच्या पातळ पत्र्याला जोडू नयेत. पत्र्याखाली आडवे चॅनेल असतात, बोल्ट तिथे उतरले पाहिजेत. जिथे पत्रा आहे तिथे खालून जाड लोखंडी पट्टी द्यावी, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरतो. चासीच्या लांब पट्ट्यांना भोक पाडू नये आणि वेल्डिंगही करू नये, सगळ्या गाडीचा भार त्यांच्यावर असतो. शक्यतो वेल्डिंग गाडीपासून दूर, जमिनीवर व्हावं आणि तयार कॅरिअर बोल्टवर बसवावं. गाडीवर वेल्डिंग करावंच लागलं तर बॅटरीच्या तारा आधी सोडाव्यात, नाहीतर अल्टरनेटर जळू शकतो. जस्त चढवलेला जीआय पाइप वापरला तर जोडाच्या जागचं जस्त आधी घासून काढावं. त्याचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो, हे जुने वेल्डर जाणतात. शिडी जिथे टेकते तिथे जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळावं. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओल्यात एकमेकांना लागून राहिले तर दोन्ही खराब होतात.

आणि बांधण्याचा नियम. बारा फुटी शिडीचं मागचं टोक फाळक्याशी जुळवलं तर तिचा मध्य फाळक्यापासून सहा फुटांवर येतो. कमानी आहेत शून्य आणि सात फुटांवर. तराजूचा साधा नियम लावला तर जवळजवळ सगळं वजन पुढच्या कमानीवर जातं, मागच्या कमानीवर फक्त सातवा भाग. म्हणून खड्ड्यात शिडी उसळते ती मागून. दोरी पुढे कितीही आवळा, मागे सैल असेल तर उपयोग नाही. मागे पट्टा हवा, तोही साध्या सुतळीचा नव्हे, रॅचेटचा. आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. गावातल्या तीसच्या वेगाला जी गाठ पुरते ती हायवेवरच्या साठला पुरेल असं समजू नये.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मास्तर, हे तर ठीक, पण कायदा? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण माझं खरं गाऱ्हाणं तिथेच आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९३ क्रमांकाचा नियम सांगतो की माल गाडीच्या बाजूंना, पुढे किंवा मागे बाहेर आलेला नसावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये अशा बाहेर आलेल्या मालासाठी वीस हजार रुपयांचा दंड लिहिलेला आहे. नियम बरोबर आहे. गाडीबाहेर आलेल्या सळ्यांनी आणि शिड्यांनी माणसं मरतात. म्हणजे कायदा रंगाऱ्याला सांगतो: शिडी गाडीच्या लांबीत ने.

मग तो कॅरिअर बसवायला जातो, तर त्याच कायद्याचं कलम ५२ समोर येतं. नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करू नये, असं ते सांगतं. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावून सांगितलं. कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं लिहिलं आहे. यामागचं कारणही मला पटतं. गाडीच्या पुढे लोखंडी गार्ड बसवण्याची हौस पायी चालणाऱ्यांच्या जिवावर उठली होती.

पण रंगाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. शिडी बाहेर ठेवली तर वीस हजार. आत घेण्यासाठी कॅरिअर बसवलं तर पाच हजारांची भीती. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं, म्हणून लोक पासिंगच्या दिवशी कॅरिअर उतरवून घरी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवतात. जे कॅरिअर वर्षातून एकदा जाणत्या अधिकाऱ्याने हलवून पाहायला हवं, तेच नेमकं त्या दिवशी त्याच्यासमोर नसतं. त्याचा बोल्ट झिजलाय का, पाय गंजलाय का, हे कुणीच पाहत नाही.

खरं तर कलम ५२ चं स्पष्टीकरण वाचलं तर 'बदल' म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलून टाकणारा रचनेतला बदल, अशी व्याख्या तिथे आहे. बोल्टवर बसवलेल्या, पाना लावला की निघणाऱ्या कॅरिअरने मालवाहू गाडी मालवाहूच राहते. माझ्या मते हा 'बदल' नाही. पण माझं मत चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला दाखवता येत नाही. रंगाऱ्याला हातात कागद हवा.

तो कागद देण्याची वाटही कायद्यातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला गाडीतल्या बदलांसाठी मोजमापं आणि अटी ठरवण्याचा अधिकार दिला. अपंग व्यक्तींसाठी गाडीत बदल करण्याची सोय त्याच कायद्यात आहे, आणि ती योग्यच आहे. मग छोट्या कारागिराच्या शिडीसाठी का नको? चार-पाच जास्त चालणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्या घ्या. प्रत्येकीसाठी कॅरिअरचा एक नकाशा जाहीर करा: पाइपची जाडी, पायांची जागा, बोल्टचा आकार, जास्तीत जास्त वजन आणि उंची. त्या नकाशाप्रमाणे केलेलं कॅरिअर थोडक्या फीमध्ये नोंदणीच्या कागदावर चढवा आणि दरवर्षी पासिंगला तपासा. यात सरकारचा खर्च फारसा नाही. रस्त्यावरचा धोका कमी होईल आणि हप्तेबाजीची एक जागा बंद होईल.

तोवर काय करायचं? तोवरही पोराला शिडीवर बसवायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

"काम शिकतोय, हुनर हातात येतोय," असं सांगणारे बाप मला भेटतात. हुनराचा मी कधीच दुश्मन नाही. ब्रश कसा ओढायचा, पुट्टी कशी घासायची, फेज आणि न्यूट्रल कसं ओळखायचं, हे उन्हाळी सुट्टीत बापाच्या हाताखाली शिकणारा मुलगा मला वर्गात नेहमी समजूतदार वाटला आहे. पण गाडीच्या हौद्यात शिडीवर बसून मुलगा काय शिकतो? तो फक्त वजन असतो. वाळूच्या पोत्याने जे काम झालं असतं ते तो करतो. फरक एवढाच की पोतं फाळक्यावरून पडलं तर घरात कुणी रडत नाही.

कायदाही इथे बापाच्या बाजूने फार उभा राहत नाही. बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिने चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यात मदत करायची मुभा ठेवली, पण ती शाळा सुटल्यानंतर किंवा सुट्टीत, आणि धोक्याच्या कामात नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला शिडीवर बसणं या मुभेत येत नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच गाडीमालकांना माहीत नसते. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या माणसाला अपघात झाला तर त्याची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००२ चा निकाल आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस ही वेगळी गोष्ट. बापाच्या शिडीवर बसलेला शाळकरी मुलगा यात कुठे बसतो, हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालेल. विम्याचा हप्ता दरवर्षी भरूनही ज्याच्यासाठी कमावतो त्याचाच जीव बिनविम्याचा.

मी या बापांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. एका मदतनिसाची मजुरी, गाडीचं डिझेल, मालकाने अडवलेलं बिल, या सगळ्यात घरचा मुलगा हा एकच माणूस असतो ज्याला पैसे द्यावे लागत नाहीत. कॅरिअरसाठी सात-आठ हजार एकदम काढणं त्यांना जड जातं, हेही मला ठाऊक आहे. म्हणून उरलेलं बोलणं मोहल्ल्याशी आहे.

आपल्याकडे बैतुलमाल आहेत, जमातीचे फंड आहेत, मित्रमंडळं आहेत. जून महिन्यात ती वह्या वाटतात, दप्तरं वाटतात, गुणवंतांचा सत्कार करतात. चांगलं आहे, चालू राहावं. पण ज्या मुलाला वही मिळाली तो ऑक्टोबरमध्ये वर्गात नसेल तर ती वही कोरी राहते. याच फंडातून दहा कारागिरांना कॅरिअरसाठी कर्ज-ए-हसना द्या. बिनव्याजी, महिन्याला हजार रुपये परतफेड, आठ महिन्यांत पैसे परत फंडात. पुढच्या वर्षी त्याच पैशांत आणखी दहा. खैरातीपेक्षा यात घेणाऱ्याची मान ताठ राहते. अट एकच ठेवा: शाळेच्या वेळेत मुलगा गाडीवर दिसता कामा नये. ती अट पाळली जाते की नाही हे सांगायला आम्ही शिक्षक आहोत, आमच्याकडे हजेरीपट आहे.

फॅब्रिकेटर भाईंनाही एक विनंती. गिऱ्हाईक म्हणतं, "सस्ते में कर दो." तुम्ही पातळ पाइप लावता, केबिनलाच टाका मारून मोकळे होता. दोनेक हजार वाचतात. पण ते कॅरिअर भर रस्त्यात सुटलं तर शिडी कुणाच्या अंगावर जाईल हे आपल्या हातात राहत नाही. रस्त्यातला काटा बाजूला करणं हे आपल्याकडे लहानपणापासून सवाबाचं काम म्हणून शिकवलं जातं. मग रस्त्यावर शिडी पडणार नाही असं कॅरिअर बनवणं हे त्याच कामात मोडायला हवं. बोल्टचे पैसे गिऱ्हाइकाला समजावून घ्या.

ठेकेदार आणि घरमालकांनीही थोडा विचार करावा. अठरा-वीस फुटांची एकसंध बांबूची शिडी छोट्या गाडीवर कॅरिअर लावूनही नेता येत नाही, नेऊ नये. महिनाभर काम चालणार असेल तर ती शिडी कामाच्या जागीच ठेवायला जागा द्या. रोज संध्याकाळी "सामान उचला" म्हणून सांगितलं जातं, म्हणून ती रोज रस्त्यावर येते.

आणि ज्यांच्या गाडीला कॅरिअर लागेल त्यांना शेवटची सूचना. गाडीची उंची आता वाढली आहे. आमच्या गल्ल्यांत विजेच्या तारा किती खाली लोंबतात हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे, आणि ॲल्युमिनियमची शिडी वीज चांगली वाहून नेते. शिडीसकट नवी उंची मोजा, रंगारी आहातच, केबिनमध्ये डोळ्यांसमोर रंगाने लिहून ठेवा. जिथे तार खाली आहे तिथे गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवा आणि शिडी खांद्यावर आडवी धरून न्या.

दसऱ्याला वेळ आहे. कॅरिअर बसवायला एक दिवस लागतो, तो आताच काढा. पहिल्या सत्राचं वेळापत्रक हाती आलं की मी माझ्या वर्गातल्या अशा प्रत्येक मुलाच्या वडिलांना जाऊन भेटणार आहे. या वेळी माझ्याकडे वेळापत्रकासोबत उस्तादांनी काढून दिलेला कॅरिअरचा नकाशाही असेल. कुणाला हवा असेल तर शाळा सुटल्यावर येऊन घेऊन जावा.